पेशव्यांची स्लाइड

मंजे,

शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मी थांबते. दिवाळीत तू एवढा मोठा मेसेज केलास, नव्या घराचे फोटो टाकलेस, आणि मी खाली एक अंगठा टाकून गायब. माझी कंबर आहे तशीच, आईची शुगर वर-खाली, बाकी सगळे बरे. झालं तब्येतीचं. फोन करणार होते, पण फोनवर मी रडेन, तू मधेच काहीतरी बोलून हसवशील आणि सांगायचं ते राहूनच जाईल. म्हणून टाइप करतेय, लॅबमध्येच, मागं सेंट्रीफ्यूज घरघरतंय.

आपले बायोचे पेशवे सर आले होते. मंगळवारी, तीन आठवडे झाले. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, त्याच्या आधीच्या तपासण्या करायच्या होत्या. तीच खादीची पिशवी, तोच खिशात पेन्सिलीचा तुकडा, केस मात्र सगळे गेलेत. मला बघून म्हणाले, "शुभांगी, शीर सापडेल ना? कांद्याची साल काढायला तुला अर्धा तास लागायचा." सगळ्या पेशंटसमोर! मी एका टोचणीत रक्त काढून दाखवलं आणि मनात म्हणलं, घ्या.

अकराच्या सुमारास त्यांची ट्यूब मशीनला लावली. पांढऱ्या पेशी ६८,०००. म्हणजे अकरा हजारच्या आत पाहिजेत तिथं अडुसष्ट. मला वाटलं ट्यूबची अदलाबदल झाली, लेबल तीनदा वाचलं, परत लावलं, परत तेच. मग स्मिअर केला, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर. तुला आठवत असेल तर आठव नाहीतर सोड, थेंब ठेवायचा, दुसरी स्लाइड तिरकी धरून मागं नेऊन त्याला टेकवायची, रक्त कडेनं पसरलं की एका दमात पुढं ओढायचं, हात थांबला की गेलं. शेवटी जिभेसारखं टोक आणि पिसासारखी कड आली पाहिजे. मग लिशमन स्टेन, म्हणजे रंग, दोन मिनिटं, वरून बफर, आठ-दहा मिनिटं थांबायचं, धुवायचं. रोज पंधरा-वीस करते मी, हात आपोआप चालतो.

ऑइल लेन्सखाली धरली आणि मंजे, आता जे सांगतेय ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

साध्या माणसाच्या स्मिअरमध्ये लाल पेशींचा सडा पडलेला असतो, अंगठ्यानं दाबलेल्या पेढ्यासारख्या, मधे फिकट, कडेला गुलाबी, आणि पांढरी पेशी शोधावी लागते, स्लाइड सरकवत सरकवत. इथं शोधायचा प्रश्नच नव्हता. जिथं बघावं तिथं लिम्फोसाइट, पांढऱ्या पेशींचीच एक जात. लहान, गोल, सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या. जांभळं केंद्रक म्हणजे भेगाळलेलं काळं रान, त्याच्याभोवती सायटोप्लाझमची नुसती निळसर कड. आणि मधे मधे स्मज सेल, म्हणजे फुटून पसरलेल्या पेशी, पाय पडलेल्या रांगोळीसारख्या. सीएलएलचं, म्हणजे रक्ताच्या सावकाश वाढणाऱ्या एका कॅन्सरचं, पुस्तकातलं चित्र. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं माहितीय? "काय सुरेख स्मिअर आलाय!" खरंच. सरांचं नाव ट्यूबवर मीच लिहिलेलं, ट्यूब समोर उभी, आणि मी खूश. दोन सेकंद असेल, पण होते खूश. मग घसा सुकला.

हे तूच समजू शकशील कारण तू पण तसलीच. बेडकाच्या डिसेक्शनला बेडूक जिवंत झाला म्हणून सगळ्या किंचाळत होत्या आणि तू "अगं हृदय बघ हृदय बघ" करत होतीस.

बारा वाजता मॅडम आल्या, बघितलं, म्हणाल्या अजून एक स्मिअर कर, अल्ब्युमिनचा थेंब घालून. ह्या पेशी इतक्या नाजूक असतात की स्लाइड ओढतानाच फुटतात, अल्ब्युमिन घातलं की टिकतात. म्हणजे शरीरात ज्यांना मरण येत नाही त्या माझ्या हाताखाली फुटत होत्या. फॉर्मवर शिरीषचा नंबर होता, मॅडमनी त्याला फोन केला. तो बेंगलोरहून म्हणतो, बाबांना काही सांगू नका, शनिवारी येतो, तोवर मशीन बंद आहे म्हणून सांगा. झालं. मशीन बंद.

गुरुवारी संध्याकाळी साडेसातला पेशवे हजर. मॅडम गेलेल्या, मी एकटी, शटर अर्धं खाली.

"रिपोर्ट अडकलाय म्हणे माझा."

"मशीन बंद आहे सर."

"बरं. पण स्लाइड तर काढली असशील."

आता बोल. काय करायचं होतं मी? म्हणू शकले असते की स्लाइड धुऊन टाकली, मॅडमकडं आहे, काहीही. तोंडात आलंच नाही गं. आणि तुला खरं सांगू, नुसतं खोटं बोलवेना एवढंच नव्हतं ते. मला त्यांना दाखवायची होती. माझी स्लाइड. चोवीस वर्षांनी. ज्या माणसानं माझ्या जर्नलवर लाल शाईनं "घाई" लिहिलं त्याला दाखवायचं होतं की बघा, आता जमतं. हे जे आहे ना, हे मला झोपू देत नाही. त्यांच्या भल्यासाठी दाखवली असं मी स्वतःला रोज सांगते आणि मला पटत नाही.

लावली स्लाइड. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डावा डोळा पिकलाय म्हणून उजव्यानं बघायला लागले, दुसरा उघडाच ठेवून, आपल्याला शिकवलं होतं तसं. आणि पहिलं वाक्य काय? "स्टेनचा गाळ बसलाय कडेला. गाळून घेत नाहीस का?" मंजे, होता गाळ! मी गप्प. मग तेही गप्प. पाच मिनिटं, दहा मिनिटं, नुसता स्टेजचा स्क्रू फिरतोय. मी उगाच ट्यूबा लावत बसले, लावलेल्याच परत लावल्या.

मग म्हणाले, "एकूण किती?"

"अडुसष्ट हजार."

"हिमोग्लोबिन?"

"बारा पॉइंट एक. प्लेटलेट एक लाख नव्वद."

"म्हणजे घाई नाही." आणि हसले गं. "विरशॉचं नाव सांगितलं होतं ना तुम्हाला, १८५५, पेशीपासूनच पेशी होते. ह्या रोगाला ल्युकेमिया नाव पण त्यानंच ठेवलं, त्याच्याही आधी, १८४७ ला. नावाचा अर्थ नुसता पांढरं रक्त. हे शिकवायचं राहिलं, सिलॅबसमध्ये नव्हतं."

मी रडायला लागले तर मलाच पाणी दिलं. मग आपला पंजा पसरून माझ्यापुढं धरला, वर्गात धरायचे तसा. आठवतंय ना? आईच्या पोटात बोटं जोडलेली असतात, मधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात म्हणून बोटं सुटी होतात, बेडकाची शेपूट तशीच जाते. तू विचारलं होतंस, कोण सांगतं त्यांना मरायला, आणि ते म्हणाले होते, कुणी नाही, जिचं तिलाच कळतं. तोच पंजा धरून म्हणाले, "ह्या जायचं विसरल्यात बघ."

मॅडमनी नंतर सांगितलं तेही तेच. ह्या पेशींत बीसीएल-२ नावाचं प्रोटीन जास्त असतं, ते पेशीला मरू देत नाही, मग त्या नुसत्या साठत जातात. त्याला अडवणारी गोळी पण निघालीय आता, पण सरांना एवढ्यात काहीच द्यायचं नाही, दर तीन महिन्यांनी काउंट करायचा आणि बघत बसायचं. ह्या वयात कितीतरी जण असे वर्षानुवर्षं जगतात. पुण्याला फ्लो सायटोमेट्रीला, म्हणजे पेशींची जात ओळखायच्या तपासणीला, सँपल गेलं होतं, त्यातही तेच आलं. ही बरी बातमी, मलाही कळतं, पण माझी काळजी ती नाहीच.

काळजी पुढं आहे. जाताना दारात थांबले, म्हणाले, "शिरीषला सांगू नको मला माहितीय म्हणून. त्याला सांगायला चार दिवस लागतील, लागू देत. त्याचं तो सांगेल." आणि शनिवारी शिरीष आला, माझ्यासमोर बसला, डोळे सुजलेले, म्हणतो, "ताई, बाबांना कळू देऊ नका, ते खचतील." मी म्हणलं, हो. म्हणजे बघ, बापाला माहितीय ते पोराला माहीत नाही, पोराला वाटतं बापाला माहीत नाही, आणि मधे मी, दोघांना हो हो म्हणणारी. तीन आठवडे झाले, चार दिवस कसले. शिरीषनं सांगितलेलंच नाही, "रक्तात थोडं इन्फेक्शन आहे" म्हणून त्यांना पुण्याला रक्ताच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. आणि पेशव्यांनी तिथं काय करावं? डॉक्टरला विचारलं, "लिम्फोसाइट म्हणजे काय हो?" मला स्वतः येऊन सांगितलं, टाळी मागितली! तो डॉक्टर पंधरा मिनिटं चित्र काढून समजावत होता म्हणे. "रेघ कच्ची होती त्याची," म्हणाले.

मला हसू आलं आणि मग रात्री भीती वाटली. टेक्निशियननं रिपोर्ट सांगायचा नसतो, हा पहिला नियम. मॅडमना कळलं तर नोकरी जाईल की नाही माहीत नाही, पण त्यांचा विश्वास जाईल, सोळा वर्षांचा. आणि शिरीषला कळलं तर? तो म्हणेल, माझं होतं ते सांगायचं, तुम्ही कोण? आणि बरोबरच आहे त्याचं. आणि हे सगळं मी आता तुला लिहितेय, ही अजून एक चूक. पण कुठंतरी सांगायलाच पाहिजे ना, मी काय लाल पेशी आहे का, केंद्रक काढून टाकायचं आणि मुकाट हमाली करायची.

लाल पेशीवरून आठवलं, ती जिवंत आहे का म्हणून तू त्यांना अडवलं होतंस, केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत, पोरंबाळं नाहीत, मग कसली जिवंत? आणि ते तास सोडून निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, ग्लुकोज खाते, सोडियम बाहेर फेकते, आकार सांभाळते, १२० दिवस काम करते, घरदार सोडलं म्हणून संन्याशाला आपण मेलेला म्हणतो का? तेव्हापासून तू त्यांची लाडकी. मला मात्र कधी लाडकं केलं नाही. मायटोकॉन्ड्रियाला मी पॉवरहाउस म्हणलं तर "पॉवरहाउसला लोडशेडिंग असतं" म्हणून खाली बसवलं. ते म्हणे पागडीचे भाडेकरू, मूळचे बॅक्टेरिया, दीड-दोनशे कोटी वर्षांपूर्वी घरात शिरले, स्वतःचा डीएनए सांभाळून बसलेत आणि खोली सोडायचं नाव नाही. ह्यावर सगळा वर्ग हसला, मी नाही हसले, कारण आम्ही पण पागडीतच राहायचो.

आणि आता तुझी एक भानगड. त्या गुरुवारी पाणी पिऊन झाल्यावर विचारलं त्यांनी, "ती अ‍ॅनाफेजवाली कशी आहे?"

मंजे, त्यांना माहीत होतं! कांद्याच्या मुळाचं स्क्वॅश, चेपून केलेली ती स्लाइड, आठवतंय? दोन तास मला अ‍ॅनाफेज, म्हणजे पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन टोकांना जातात ती पायरी, सापडेना, मी दिसलं तेवढंच काढलं, दोन प्रोफेज आणि एक काळा डाग, दहापैकी सहा. तू पुस्तकातून अ‍ॅनाफेज उतरवलंस, नऊ. पंधरा दिवस मी तुझ्याशी बोलले नव्हते, डबा पण वेगळा खाल्ला. तर ते म्हणाले, "दोन्ही टोकांना सोळा-सोळा गुणसूत्रं मोजून काढलेली तिनं. स्क्वॅशमध्ये सोळा मोजता येतात का कुणाला? पण रेघ काय सुंदर होती." आणि नऊ मार्क रेघेचे! चोवीस वर्षं मला वाटत होतं तू त्यांना फसवलंस. तू एवढी वर्षं मनात काय घेऊन बसली होतीस ते तुझं तू बघ, मला फक्त माझे ते पंधरा दिवस परत दे.

तुझ्याबद्दल विचारायचं राहिलंच. ओंकारचं बारावीचं कसं चाललंय, ग्रुप कुठला घेतलाय, बायो सोडलं म्हणे? किचनचा ओटा छान दिसतोय, काळा ग्रॅनाइट डाग दाखवतो पण असू दे. सासूबाईंचं प्लास्टर निघालं का? सविस्तर कळव, मी वाचेन, शपथ.

आणि एक काम कर. सरांना फोन कर. एम.एस्सी. सोडलीस तेव्हा ते जे बोलले ते बोलले, आता त्यांनाही आठवत नसेल आणि आठवत असलं तरी बोलणार नाहीत. मला काय करावं ते तू सांगशीलच, पण त्याच्या आधी फोन कर. दुपारी नको, झोपतात. संध्याकाळी सहानंतर कर. तब्येतीचं विचारू नकोस, मोतीबिंदूचं विचार, ते पुढच्या महिन्यात ठरलंय, रक्ताच्या डॉक्टरनं हरकत नाही म्हणून लिहून दिलंय. आणि अ‍ॅनाफेजचं कबूल करून टाक बाई, मला ऐकायचंय ते काय म्हणतात.

सेंट्रीफ्यूज थांबलं, सिरम काढते.

शुभी

ता. क. स्टेन आता गाळून घेते. फिल्टर पेपरनं, रोज सकाळी.