विमान सापडलं

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझं रिमोटवरचं विमान सापडलं. फोनवर तू घाईत असतोस आणि मला सगळं नीट सांगायचं आहे, म्हणून लिहिते आहे.

तू गेल्यापासून तुझं एकच वाक्य कानात होतं, "तुला जागेवरून हलू नको म्हटलं होतं ना!" हलले रे मी. विमान सूर्यासमोर गेलं, त्याचं तोंड कुठे नि शेपूट कुठे ते तुला कळेना, आणि बघता बघता ते सोयाबीनमागे खाली गेलं. "त्या बाभळीवरून नजर काढू नकोस," म्हणून तू धावलास आणि चिखलात घसरलास. मग माझे पाय कसे थांबणार? बाभळी चार होत्या. नंतर त्यातली कुठली, ते दोघांनाही सांगता येईना. रिमोट बंद केला की विमानातून पीप-पीप येतं म्हणून अंधार पडेपर्यंत कान लावून बसलो, पण बेडकांनी काही ऐकू दिलं नाही. घरी येऊन मी पैशांवरून बोलले. ते बोलायला नको होतं.

शनिवारी छोटूकाकाबरोबर देवगुराडियाला गेले. सोयाबीन पार वाळलंय, शेंगा खुळखुळतात. पुलियावर तू उभा होतास तिथेच उभी राहिले आणि एकेका बाभळीच्या रेषेत सरळ चालत गेले. तिसरीच्या रेषेत सापडलं, आपण दर वेळी जिथून परत फिरायचो त्याच्याही साठ-सत्तर पावलं पुढे. वाटतं त्याहून विमान लांब पडतं, हे तूच सांगायचास.

नाक चेपलंय, उजवा पंख मुळाशी तुटलाय, पंखा अर्धाच आहे. पंखाखाली तू लिहिलेलं नाव आणि नंबर फिका झालाय, पण वाचता येतो. मी तिथेच शेताच्या धुऱ्यावर बसले. शेतवाले दादा आले, म्हणाले, "यो जहाज तमारो हे कंई?" मी म्हटलं, माझ्या मुलाने बनवलंय. बनवलंय म्हटलं, विकत आणलंय नाही. मोटर कुठली, सर्वो नावाच्या त्या छोट्या मोटरी काय करतात, मला येत होतं तेवढं सगळं त्यांना सांगितलं.

आणि बॅटरी. ओंकार, ती टम्म फुगली आहे. वरचं आवरण ताणून चकचकीत झालंय. दुसऱ्या दिवशी त्या शेतात हार्वेस्टर लागणार होतं. वाळलेल्या पिकात ती पात्याखाली आली असती तर काय झालं असतं, या विचाराने रात्रभर झोप नाही. आता अंगणात, मातीच्या कुंडीत वाळूत ठेवली आहे. माईंनासुद्धा त्या बाजूला जाऊ देत नाही.

तिची जोडीदार तू पुण्याला घेऊन गेला आहेस. तीच, मार्चमधल्या पडझडीत कोपरा दबलेली. "आई, तीन सेल आहेत, तिन्ही ४.२ व्होल्टपर्यंत भरतात," म्हणालास. भरत असतील. पण आत इजा झालेली लिथियमची बॅटरी लगेच पेटते असं नाही, तासांनंतरही पेटू शकते, हेही तूच मला समजावलं होतंस. मग होस्टेलच्या पलंगाखाली चार्जिंगला लावून मेसमध्ये जेवायला कसा जातोस? अवंतीने सांगितलं मला. तिच्यावर रागावू नकोस.

बघ, पुन्हा लेक्चर सुरू झालं. सांगणार नाही असं ठरवूनच बसले होते. माफ कर.

आबा तुला बिजासनच्या टेकडीवर न्यायचे ते आठवतं? खाली विमानतळावर विमान उतरायला लागलं की त्यांच्या खांद्यावर बसून तू दोन्ही हात पसरायचास आणि विमान थांबेपर्यंत खाली घ्यायचा नाहीस. "हात दुखतील रे," असं आबा म्हणायचे. तू म्हणायचास, "हात खाली घेतले तर ते पडेल." चार वर्षांचा होतास. परवा धुऱ्यावर तुटका पंख मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा तेच डोळ्यासमोर आलं, आणि दादांना वाटलं मी विमानासाठी रडते आहे.

बाबांनी पंख जोडायला फोमचा गोंद आणून ठेवलाय. स्वतःहून काही बोलले नाहीत, पण मी झोपले असं समजून विमान हातात घेऊन बघत होते. दिवाळीत आलास की त्यांनाही बरोबर ने.

बॅटरी नवीन घे. पैसे मी पाठवते, विचारायचं नाही. जुनी चार्ज करू नकोस, एकदासुद्धा नको, "बघतो, धरते का" असंही नको. खोलीबाहेर, वाळूत ठेव. तिथल्या वॉर्डनना न लाजता सांग.

पत्र मिळाल्याबरोबर बाकी काही लिहू नकोस, ती आत्ता कुठे आहे तेवढं कळव.

तुझी,
आई

ता.क. दादांना विमान उडताना बघायचंय. शेत मोकळं झालं की या म्हणाले. मी पुलियावर उभी राहीन, तू पडलास तरी हलणार नाही.