तुझ्या पेपरवरची नावं

मिरज, रविवार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू बोलत होतीस तेव्हा बाबा शेजारीच बसले होते, म्हणून मी फार काही बोलले नाही. त्यांना 'फर्स्ट ऑथर' म्हणजे काय हे समजावण्यातच अर्धा तास गेला असता. मला कळलं ते असं : आतड्याचा टीबी आणि क्रोन्स (टीबीसारखाच दिसणारा, आतड्याला सूज आणि व्रण आणणारा आजार) वेगळे कसे ओळखायचे, यावरचा तुमचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, तयार आहे. कोलोनोस्कोपी आणि पेशंटांचा फॉलोअप तुझ्या मैत्रिणीनं सांभाळला. जुन्या स्लाइडी काढून पुन्हा बघून घेणं, आकडेमोड आणि लिखाण तू केलंस. पहिलं नाव कोणाचं, यावर दोघीही मूग गिळून बसला आहात. आणि सरांनी 'दोघींच्या नावावर स्टार टाका', म्हणजे दोघींचा वाटा सारखा, असं म्हणत शिवाय आणखी दोन नावं घालायला सांगितली आहेत.

यातलं ते मूग गिळून बसणं मला अजिबात पटलेलं नाही. तुम्ही ज्या क्रोन्सवर लिहिताय त्याच्या नावामागेच असं एक प्रकरण आहे. आमच्या लॅबमधल्या मॅडम रेसिडेंट मुलांना ते रंगवून सांगायच्या, पुढे मी स्वतः वाचलं.

१९३२ साल, न्यूयॉर्कचं माउंट सायनाय हॉस्पिटल. तिथे बर्ग नावाचे मोठे सर्जन होते. त्यांनी कापून काढलेली आतडी पॅथॉलॉजीत यायची आणि गिन्झबर्ग व ओपेनहायमर हे दोन तरुण डॉक्टर त्यांचा अभ्यास करत बसायचे. लहान आतड्याचं शेवटचं टोक जाड झालेलं, आतला मार्ग अरुंद झालेला, व्रण पडलेले, आणि टीबी शोधावा तर टीबीचा पत्ता नाही. अशा १२ केसेस त्यांच्याकडे जमल्या होत्या. त्याच सुमारास बरिल क्रोन या फिजिशियनकडे अशाच दोन केसेस होत्या. ते बर्गकडे गेले. बर्ग म्हणाले, माझ्याकडची ही दोन मुलं याच्यावरच काम करताहेत, त्यांना भेटा. बारा आणि दोन मिळून १४ केसेसचा पेपर झाला. मे महिन्यात क्रोननी तो न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनात वाचला आणि ऑक्टोबरमध्ये तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला. मूळ नाव 'टर्मिनल इलायटिस', म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाची सूज, असं होतं. अधिवेशनात कोणीतरी म्हणालं की 'टर्मिनल' ऐकून पेशंटला वाटेल आपलं आता संपलंच, म्हणून ते 'रीजनल इलायटिस' झालं.

आता नावांचं बघ. बर्गना लेखक व्हायला विचारलं होतं. पेशंट त्यांचे, ऑपरेशनं त्यांची. तरी ते नको म्हणाले, कारण पेपर त्यांनी लिहिलेला नव्हता. उरले तिघे. त्या जर्नलमध्ये तेव्हा नावं एबीसीडीप्रमाणे लावायची पद्धत होती. त्यामुळे क्रोन, गिन्झबर्ग, ओपेनहायमर. सी, जी, ओ. बस्स, एवढ्यावर आजाराचं बारसं झालं! बर्ग हो म्हणाले असते तर 'बी' पुढे आला असता, आणि तू आज बर्ग्स डिसीजवर पेपर लिहीत असतीस.

ओपेनहायमर पुढे युरोलॉजीत गेले, त्यांनी याचं फारसं मनाला लावून घेतलं नसावं. गिन्झबर्गना मात्र ते लागलं. मुख्य काम आम्हा दोघांचं होतं, हे त्यांचं म्हणणं त्यांच्या सहीनिशी लेख म्हणून छापून आलं ते १९८६ साली. पेपरनंतर ५४ वर्षांनी, आणि क्रोन वारल्यानंतर तीन वर्षांनी! क्रोन ९९ वर्षं जगले. म्हणजे ज्याला विचारायचं तो माणूस एवढी वर्षं हयात होता.

मला दोघांचीही बाजू दिसते. क्रोन काही चोर नव्हते. हा आजार त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला, पेशंट बघत राहिले, लिहीत राहिले, आणि १९४९ साली पुस्तक काढलं तेव्हाही त्यावर 'रीजनल इलायटिस' असंच नाव दिलं, स्वतःचं नाही. पण फॉर्मॅलिनच्या वासात उभं राहून एकेक आतडं उघडून बघणारे ते दोघे होते, हेही खरं. माझं आयुष्य त्या वासात गेलं, त्यामुळे माझा कल कुठे झुकतो ते तुला ठाऊकच आहे.

(खरं तर तिघांच्याही आधी ग्लासगोच्या डॅल्झिएल नावाच्या सर्जननी १९१३ साली १३ पेशंटांवर हेच लिहून ठेवलं होतं. ते आतडं हाताला मरून ताठ झालेल्या वाम माशासारखं लागतं, असं त्यांचं वर्णन आहे. अशी आतडी मी ग्रॉसिंगच्या, म्हणजे कापून आलेला अवयव उघडून तपासायच्या, टेबलावर पाहिली आहेत, माणसानं अगदी बरोबर लिहिलंय. आणि पोलंडमध्ये त्यांच्या लेश्न्योव्स्की या सर्जनचं नाव आधी आणि क्रोनचं मागून घेतात. म्हणजे पहिलं नाव कोणाचं, हे देशावरही ठरतं.)

तू विचारलंस, 'आई, तुझं नाव कधी कुठल्या पेपरवर आलं नाही, तुला वाईट नाही वाटलं?' लेखक म्हणून यायला हवं होतं असं मला कधी वाटलं नाही. कोलोनोस्कोपीतून येणारे ते तिळाएवढे तुकडे मेणात आडवे पडू न देता नीट उभे बसवायचे, मायक्रोटोमवर (पातळ काप काढायच्या यंत्रावर) तीन-चार मायक्रॉनचे सेक्शन कापायचे, कोमट पाण्यावर रिबन सोडून स्लाइडवर उचलायची, हे कसब आहे, पण ते संशोधन नव्हे. क्रोन्समधले ग्रॅन्युलोमा (सुजेतल्या पेशींचे पुंजके) छोटे आणि तुरळक असतात, टीबीतल्यासारखे मोठे, एकमेकांत मिसळलेले नसतात. त्यामुळे पहिल्या सेक्शनमध्ये काहीच दिसत नाही आणि ब्लॉक आणखी खोल कापला की एखादा सापडतो. मॅडम सांगायच्या, 'अजून लेव्हल्स काढा', आणि मी काढायची. कुठे थांबायचं आणि दिसलं त्याचा अर्थ काय लावायचा, ते त्या ठरवायच्या. म्हणून लेखक त्या, आणि माझी जागा आभारात. एकदा आभारात नाव आलंही, आडनावाचं स्पेलिंग चुकवून! त्याचा मात्र मला अजून राग आहे.

आता त्या स्टारबद्दल. दोघींनी बरोबरीनं काम केलं, असं छापायची सोय आहे तर ती घ्या, त्यात कमीपणा काही नाही. तुमच्या क्षेत्रात तर आता एकट्यादुकट्याचं काम उरलेलंच नाही. क्रोन्सशी संबंध असलेलं पहिलं जनुक, एनओडी-२, ते २००१ साली सापडलं तेव्हा 'नेचर'च्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या गटांचे पेपर पाठोपाठ छापले, एक पॅरिसच्या गटाचा आणि एक अमेरिकेचा. २०१२ साली आयबीडीशी (क्रोन्स ज्यात मोडतो त्या आतड्याच्या सुजेच्या आजारांशी) जोडलेल्या १६३ जागा जनुकसंचात दाखवणारा पेपर आला, त्यात पेशंट आणि निरोगी माणसं धरून ७५ हजारांच्या वर लोकांची माहिती होती. त्या पेपरवरच्या नावांची यादी वाचता वाचता चहा गार होतो.

पण एक लक्षात ठेव, स्टार टाकला तरी कागदावर कोणीतरी आधी येणारच. आणि पुढे संदर्भ देणारे 'अमुक आणि इतर' असंच लिहिणार, तिथे स्टार कोणालाच दिसत नाही. एमसीआयनं (तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेनं) २०१५ साली तर मेडिकल कॉलेजातल्या शिक्षकांच्या बढतीसाठी पहिल्या दोनच लेखकांचा पेपर धरायचं ठरवलं होतं. नियम नंतर बदलले, पण नंबराचं महत्त्व काही गेलं नाही. तेव्हा स्टार मिळाला म्हणजे प्रश्न सुटला, असं समजू नका. कोण आधी आणि का, हे दोघींनी समोरासमोर बसून ठरवा. एबीसीडीप्रमाणे लावा, नाणं उडवा, नाहीतर हा पेपर तिचा आणि पुढचा तुझा असं करा, पण जे ठरेल ते ईमेलवर लिहून ठेवा. तुला मनातून पहिलं नाव हवंय, हे मला फोनवर कळलं. मग ते तिला सांग. चांगुलपणा म्हणून सोडून द्यायचं आणि नंतर वर्षानुवर्षं मनात धरायचं, हे नको. तिचं काम जास्त आहे असं ती म्हणाली तर ऐकूनही घे. सहा-सहा महिने टीबीची औषधं चालू असलेल्या पेशंटांना पुन्हा बोलावून पुन्हा दुर्बीण घालायला राजी करणं, हे कॉम्प्युटरवर बसण्याहून सोपं नाही. व्रण भरले का, हे तिनं बघितलं नसतं तर तू आकडेमोड कशाची करणार होतीस?

सरांच्या त्या दोन नावांचं जास्त अवघड आहे, आणि तिथे तू मोठ्यानं भांडावंस असं मी म्हणणार नाही. तुझी परीक्षा अजून व्हायची आहे. पण नियम तुमच्या बाजूनं आहे. जर्नलवाल्यांच्या त्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चारही अटी पुऱ्या झाल्या तरच माणूस लेखक : कामात खरा वाटा, लिहिण्यात किंवा तपासून सुधारण्यात हात, शेवटच्या मसुद्याला होकार, आणि पुढे कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायची तयारी. नुसतं विभागप्रमुख असणं किंवा निधी मिळवून देणं यात बसत नाही. तेव्हा मसुद्यासोबत 'कोणी काय केलं' याचा तक्ता कर आणि प्रत्येकाला आपापली ओळ भरायला पाठव. 'सर, जर्नलला लागतो' म्हणून सांग, बऱ्याच जर्नलांना लागतोच. ज्यांनी खरंच काही केलंय ते दोन मिनिटांत भरतील. ज्यांनी नाही केलं, त्यांना काय लिहायचं ते सुचू दे. सगळ्यांनी भरून दिलं आणि नावं तरीही राहिली, तर राहू देत, निदान खाली त्यांच्या हातचं काहीतरी असेल.

आणि तुमच्या लॅबमधले ते मामा, ज्यांनी जुने ब्लॉक गोदामातून शोधून नंबर जुळवून दिले, त्यांचं नाव आभारात घाल. स्पेलिंग त्यांनाच विचार, हजेरीच्या रजिस्टरवरून उतरवू नकोस.

लाडू पाठवलेत, डबा मैत्रिणीच्या खोलीतच उघड. बाबांचं कोलेस्टेरॉल ठीक आलंय, चालणं पुन्हा बंद झालंय. पेपर छापला की छापणारे किती पैसे देतात, असं ते विचारत होते. काही ठिकाणी आपल्यालाच द्यावे लागतात, असं मी सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही. मी तुझ्याबद्दल काहीतरी लपवतेय असं त्यांना वाटतंय. तूच एकदा फोन करून सांग.

तुझी,
आई