टोन

वेंगुर्ला,
मृगाच्या आदल्या दिवशी

चि. बायस अनेक आशीर्वाद.

"अण्णा, आधी तुमचा टोन बदला, मग बोला," म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्यानंतर मी पडवीत किती वेळ बसून होतो ते आईला विचार. आवाज चढला होता, कबूल. गणपतीला येणार की नाही एवढंच विचारायचं होतं. ते राहिलं बाजूला आणि तुझी रजा, दादरची ती गोष्ट, मधल्या काकूचं बोलणं, सगळं एका दमात काढलं. चुकलंच. पण गणपती हे निमित्त होतं. तू "हॅलो" म्हणालीस तिथेच माझं लक्ष उडालं. आवाज बसलेला होता तुझा.

देवळातली पेटी दुरुस्तीला घरी आणली आहे. भात्याचं कातडं बुरसलंय, ते सोड. पण काळी दोन, म्हणजे दुसरी काळी पट्टी, दाबली की आवाज हलतो. एका पट्टीखाली दोन सूर, म्हणजे पितळी पत्त्या, गुजरातेतल्या पालिताण्याच्याच, आणि एक जरासा उतरलाय. एक सेकंदाला 440 वेळा थरथरतो आणि दुसरा 437 वेळा असं धर, की सेकंदाला तीन लाटा कानावर येतात. वेगवेगळे वाजवलेस तर दोन्ही ठीक वाटतात, एकत्र वाजले की कळतं. मग तो पितळी सूर काढायचा, खाली पत्र्याची पट्टी सरकवायची आणि टोकाला कानशीचा अगदी हलका हात द्यायचा. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. एक हात जास्त पडला की पुन्हा उलटं घासत बसा, आणि दर वेळी पत्ती पातळ होते. लहानपणी तू भाता मारायला बसायचीस. डोळे मिटून "अजून हलतोय, अजून हलतोय" म्हणायचीस, आणि माझ्याआधी तुला कळायचं. भजनी मंडळातल्या सगळ्यांना मी हे सांगितलंय. अजून सांगतो.

तर तुझ्या आवाजात परवा तसंच काहीतरी हललं. तू म्हणालीस एसीमुळे. असेल.

पण तुझं काम दिवसभर बोलण्याचं. वर कोणी रेकॉर्डिंग ऐकून टोनला मार्क देतं, हे तूच सांगितलंस. बाईमाणसाच्या गळ्यातल्या त्या दोन पट्ट्या साधं बोलतानाही सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा एकमेकींवर आपटतात. आठ-नऊ तास तेच केलं तर त्यांच्यावर गाठी येतात. शिक्षकांना येतात, गाणाऱ्यांना येतात. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहिला तर घसा दाखवायचाच असतो. आणि कुजबुजून बोलू नकोस, त्यानेही घशाला ताण पडतो. पाणी पीत जा. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. चहा कमी कर. हे बघ, झालं माझं सुरू! राहू दे, तुला कळतं सगळं.

गुरुजी काल पेटी बघायला आले होते. त्यांना सहज विचारलं, टोन म्हणजे नक्की काय हो? म्हणाले, मूळ ग्रीक शब्द, अर्थ ताणणं, तार ताणतात तसं. आपल्याकडचं तान आणि ताण दोन्ही त्याच गोत्रातले, संस्कृतातला तन् धातू. गुरुजी चहा पिऊन गेले. मला मात्र रात्री झोप नाही.

पहिल्या वर्षी तिथल्या मुली तुझ्या हेलाला हसल्या म्हणून रडली होतीस. पुढे हेल गेला. आम्ही बाजारात मिरवलं, पोरगी पुण्याच्या मुलींसारखी बोलते म्हणून. पण भांडायचीस ती मालवणीतच. परवा पहिल्यांदा शुद्ध मराठीत भांडलीस. ते जास्त लागलं मला.

तात्यांची आठवण येते अशा वेळी. गणपतीच्या अंगाचा रंग ते संध्याकाळी कालवायचे. पांढऱ्यात पिवळा, मग चिमटीभर तांबडा, आणि डिंकाचं पाणी. एक बोट फुटक्या कौलावर ओढून ठेवायचे. मी म्हणायचो, बरोबर जमलाय, लावूया. म्हणायचे, ओला रंग गडद दिसतो, सकाळी सुकल्यावर बोलू. सकाळी तो फिकट झालेला असायचा, मग पुन्हा तांबडा. तू त्या वाडग्यात बोट बुडवून स्वतःच्या गालाला लावून बघायचीस, आणि तात्या तुला ओरडायचे नाहीत. मला ओरडायचे.

मी ओल्यातच बोलतो, बाय. आईशीही तसाच बोललो आयुष्यभर. 1940 साली रेडिओवर पेटीला बंदी आली ती 1971 पर्यंत चालली. तक्रार अशी, की पेटीला मींड नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, हळूच जाता येत नाही तिला, उडीच मारावी लागते. मला त्या बंदीचा फार राग. पण तू फोन ठेवलास तेव्हा वाटलं, माझ्यापुरती खरी आहे तक्रार. काळजीवरून उठलो की थेट रागावर.

घसा म्हणतोय मी. घसाच असू दे. दुसरं काही असलं, तिथे कोणी काही बोललं असेल, कामाचं काही असेल, तर मला नको, आईला सांग. ती मला सांगणार नाही. बंद दारामागे बोललात तरी चालेल.

इथे होड्या 1 जूनलाच वर ओढल्या. समुद्राचा निळा गेला, हिरवट झालाय. पाऊस लागला की मातकट होईल. आगळाची बाटली आणि आमसुलं बांधून ठेवली आहेत, शेजारचा मुलगा रविवारच्या गाडीने येतोय. बाटली उभी ठेव, बूच सैल आहे.

गणपतीचं तुझ्या सोयीने. आलीस तर आरतीला काळी दोनमध्ये धरीन, तुला वर ताणायला नको.

जेवलंस काय?

तुझा,
अण्णा

ता.क. कान-नाक-घशाच्या डॉक्टरची फी मी पाठवतो. आई म्हणते हे लिहू नका, तिला राग येईल. येऊ दे. पण जा.