बटलर यांचे क्रिकेट आणि आपले निकालाचे तक्ते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणुकांचे ब्रिटिश अभ्यासक सर डेव्हिड बटलर यांच्यावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडला. ऑक्सफर्डमधली कारकीर्द, बीबीसीवरच्या निकालाच्या रात्री, भारताशी आलेला संबंध, सगळे नीट आले आहे. पण लेखाच्या अगदी शेवटी ‘त्यांना क्रिकेटचीही आवड होती’ एवढेच वाक्य आहे, ते मला खटकले. बटलर यांची गोष्ट सांगायची तर क्रिकेटपासूनच सुरुवात करावी लागते.

बटलर (१९२४–२०२२) लहानपणापासून क्रिकेटच्या आकडेवारीत रमणारे. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांच्या दलात होते. तिथून ते ऑक्सफर्डला शिकायला परतले. १९४५ च्या सार्वत्रिक निवडणुकीचे छापील निकाल त्यांनी पाहिले, तर त्यांत उमेदवार होते, मतांचे आकडे होते, पण टक्केवारी नव्हती. सरासरीची सवय लागलेल्या माणसाला हे कसे चालावे? फलंदाजाच्या धावा सांगितल्या आणि तो किती वेळा बाद झाला हे सांगितलेच नाही, तर तो चांगला खेळला की वाईट हे कळणार कसे? बटलर स्लाइड रूल (आकडेमोडीची सरकती पट्टी) घेऊन बसले आणि मतदारसंघामागून मतदारसंघाची टक्केवारी काढू लागले. त्या निवडणुकीवर ऑक्सफर्डच्या नफिल्ड कॉलेजतर्फे १९४७ मध्ये जो ग्रंथ निघाला, त्याचे आकडेवारीचे परिशिष्ट या विशीतल्या मुलाने लिहिले. पुढची कित्येक दशके अशा निवडणूक-ग्रंथांच्या मालिकेशी त्यांचे नाव जोडलेले राहिले.

त्यांनी रूढ केलेली ‘स्विंग’ची कल्पना शाळकरी मुलालाही समजेल. एका पक्षाची मते मागच्या वेळेपेक्षा ४ टक्क्यांनी वाढली आणि प्रतिस्पर्ध्याची ६ टक्क्यांनी घटली, तर दोहोंची सरासरी काढायची: स्विंग ५ टक्के. एवढ्या साध्या मापाने दोन निवडणुका शेजारी ठेवून पाहता येऊ लागल्या. १९५० च्या फेब्रुवारीत बीबीसीने निकालाची रात्र पहिल्यांदाच दूरचित्रवाणीवर दाखवली, तेव्हा विश्लेषणाला पंचवीस वर्षांचे बटलर होते. त्याच सुमारास मतांचे जागांत रूपांतर कसे होते यावर त्यांनी ‘इकॉनॉमिस्ट’ या ब्रिटिश साप्ताहिकात लेख लिहिला. तो वाचून खुद्द चर्चिल यांनी त्यांना घरी बोलावून घेतले.

मी आयुष्यभर गणित शिकवले, म्हणून एक गोष्ट जरा लांबण लावून सांगते. क्रिकेटची सरासरी काढताना धावांना डावांनी भागत नाहीत, बाद झालेल्या डावांनी भागतात. नाबाद डाव भाजकात धरायचा नसतो. हे ज्या पोराला दहाव्या वर्षी कळले, ते कोणताही आकडा दिसला की आधी विचारते, ‘भागिले किती?’ निवडणुकीच्या अभ्यासात नेमका हाच प्रश्न कळीचा असतो. १९८४ मध्ये काँग्रेसला सुमारे ४९ टक्के मते आणि चारशेहून अधिक जागा मिळाल्या. २०१४ मध्ये भाजपला ३१ टक्के मते आणि २८२ जागा मिळाल्या. पण हे टक्के पडलेल्या मतांचे आहेत, नोंदलेल्या मतदारांचे नव्हेत. २०१४ मध्ये मतदान साधारण ६६ टक्के झाले होते. म्हणजे नोंदलेल्या मतदारांपैकी सुमारे एक पंचमांश लोकांच्या मतांवर स्पष्ट बहुमत उभे राहिले. १९८४ चे गणितही असेच मांडले, तर उत्तर एक तृतीयांशाच्या आतच येते. पक्ष कोणताही असो, भाजक बदलला की चित्र बदलते.

भारतात तर बटलर यांना आणखी एक पायरी चढावी लागली. आपल्याकडे लढत दोन पक्षांत मावत नाही. निवडणूक-विश्लेषक प्रणय रॉय आणि अर्थतज्ज्ञ अशोक लाहिरी यांच्यासह त्यांनी १९८४ मध्ये भारतीय निवडणुकांच्या आकड्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. या तिघांच्या कामातून ‘विरोधकांच्या ऐक्याचा निर्देशांक’ आपल्याकडे रुळला. विरोधकांच्या एकूण मतांपैकी त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या पक्षाकडे किती टक्के गेली, हा तो निर्देशांक. सत्ताधाऱ्यांची मते तेवढीच राहिली आणि विरोधक फुटले, तरी जागा भराभर वाढतात. हे आज पारावरही बोलले जाते, पण ते मोजायचे कसे याची वाट या मंडळींनी दाखवली.

आता मूळ मुद्दा. आपल्या दैनिकात कसोटी सामन्याचा पूर्ण धावफलक येतो. कोण कोणाच्या चेंडूवर बाद झाला, किती षटके निर्धाव गेली, अवांतर धावा किती, सारे काही. निवडणुकीच्या निकालाला मात्र विजयी उमेदवार, पराभूत उमेदवार आणि मताधिक्य एवढ्यावर भागवले जाते. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या, पण दोन्हींच्या मतांत एका टक्क्याचाही फरक नव्हता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या हातातल्या अंकात ३० आणि १७ हे आकडे मोठ्या अक्षरांत होते. मतांची टक्केवारी मला शोधूनही सापडली नाही. नुसत्या जागा वाचून एका बाजूचा धुव्वा उडाला असेच वाटत होते.

माझी मागणी साधी आहे. येत्या प्रत्येक निवडणुकीत मतदारसंघवार तक्ता छापावा: नोंदलेले मतदार, झालेले मतदान, पहिल्या तीन उमेदवारांची मते व टक्केवारी, ‘नोटा’ची मते आणि त्याच जागेची मागच्या वेळची टक्केवारी. आकडे निवडणूक आयोगाकडून मिळतातच. प्रश्न फक्त जागेचा आहे. नेत्यांची छायाचित्रे थोडी लहान केली तर तीही निघेल. आणि हे काम क्रीडा पानावरच्या सहकाऱ्यांना सोबत घेऊन करावे. तक्ता कसा लावायचा, कोणता आकडा कोणत्या आकड्याशेजारी ठेवायचा, हे त्यांच्या हातात बसलेले असते.

माझ्या वर्गात वहीच्या मागच्या पानावर फलंदाजांच्या सरासरी काढणारी मुले दरवर्षी असत. दहावीच्या वर्षी पालक येऊन ती पाने फाडायला सांगत. मी एकही पान फाडू दिले नाही. असा तक्ता तुम्ही छापलात, तर त्यांच्यातले काही जण क्रीडा पानावरून उलटे मागे येत निकालाच्या पानापर्यंत नक्की पोहोचतील.

कळावे,
आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका