कुशीवरची रेघ

नांदेड,
१४ सप्टेंबर

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा रात्री बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मी फोनवर तीनदा ओरडून सांगितले आणि तिन्ही वेळा "बरं, बरं" म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला, तेव्हाच ओळखले की त्यांना काहीही ऐकू गेलेले नाही. नव्या श्रवणयंत्रात फोनचा आवाज फाटतो, असे आई म्हणाली. म्हणून हे पत्र लिहिते आहे. सवडीने, उजेडात बसून वाचावे.

बाबांचा प्रश्न असा होता की, पुराच्या दिवसांत गोदावरीचे पाणी इतके गढूळ असते की बुडवलेल्या हाताचे मनगटही दिसत नाही, तरीही भोयांनी फेकजाळे टाकले की ते खाली बसायच्या आत बरेच मासे निसटतात. मग त्यांना जाळे कळते कशाने? त्यावर मागून आईने जे विचारले, त्याने मला अधिक अडचणीत टाकले. "ते स्वतःच दिवसभर शेपूट हलवून पाणी ढवळतात, मग दुसऱ्याने हलवलेले पाणी त्यांना निराळे कसे कळते?" इतकी वर्षे प्राणिशास्त्र शिकवते आहे, पण हा प्रश्न माझ्या वर्गात अजून कोणी विचारलेला नाही. बाबांच्या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात मिळते. आईच्या प्रश्नाने शास्त्रज्ञांची पिढ्यान्‌पिढ्यांची सोय केली आहे.

आई, रोहू साफ करताना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत कुशीवरून जाणारी ठिपक्यांची बारीक रेघ तू कितीदा पाहिली असशील. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ होती, त्यामुळे माशांचा सगळा कारभार परसातल्या वेगळ्या चुलीवर चाले, आणि तिथे तुझ्याशेजारी बसून मी ती रेघ नखाने खरवडत असे. तिला पार्श्वरेषा म्हणतात. त्या ओळीतल्या प्रत्येक खवल्याला छिद्र असते, ती छिद्रे कातडीखालच्या एका नळीत उघडतात, आणि त्या नळीत ठरावीक अंतरावर केसपेशींचे, म्हणजे टोकाला सूक्ष्म केस असलेल्या पेशींचे, पुंजके बसवलेले असतात. प्रत्येक पुंजक्यावर चिकट, पारदर्शक पदार्थाची एक टोपी असते. पाणी सरकले की टोपी कलते, तिच्यात रुतलेले सूक्ष्म केस वाकतात आणि ही बातमी चेतातंतूंमार्फत मेंदूकडे जाते. असेच काही पुंजके नळीबाहेर, थेट कातडीवरही असतात. बाबा, तुम्ही कालव्यात वाट्यांचे वेगमापक यंत्र सोडून पाण्याचा वेग मोजत होता, तसेच हे काम आहे. फक्त कातडीवरचे पुंजके मुख्यतः वेग सांगतात आणि नळीतले पुंजके त्या वेगात होणारा बदल सांगतात. या इंद्रियाचा पल्ला फार नसतो, माशाच्या लांबीच्या एक-दोन पट एवढाच. पण तेवढ्या टापूत ते हात न लावता चाचपल्यासारखे काम करते. स्वेन डाइकग्राफ या डच शास्त्रज्ञाने त्याला दुरून केलेला स्पर्श असेच म्हटले होते.

ज्या १९७६ साली आपला नाथसागर पुरा झाला, त्याच वर्षी ब्रिटनमधल्या तीन संशोधकांनी कॉडच्या कुळातल्या माशांचे डोळे झाकून त्यांना थव्यात सोडले, तेव्हा ते मासे थव्याबरोबर व्यवस्थित पोहत राहिले. पार्श्वरेषेचा चेतातंतूही तोडला, तेव्हा मात्र त्यांना थव्यात राहणे जमेना. डोळ्यांवाचून शेजाऱ्याचे वळणे कळत होते ते कुशीला, हे त्यावरून स्पष्ट झाले.

आता आईच्या प्रश्नाकडे वळते. बाबा, पुरात नावेतून वेग मोजताना नाव स्वतःच वाहत असेल, तर यंत्राने दाखवलेला आकडा तसाच नोंदवहीत लिहून चालत नाही. आधी नावेचा वेग त्यातून काढावा लागतो. माशापुढची अडचण हीच आहे, आणि त्याचे शरीर ती एकापेक्षा अधिक वाटांनी सोडवते. पहिली वाट अगदी साधी आहे. शेपूट हलवण्याचा हुकूम स्नायूंकडे निघतो, त्याच वेळी मेंदूतून काही तंतू उलट्या दिशेने पार्श्वरेषेच्या केसपेशींपर्यंत जातात आणि तेवढ्यापुरती त्यांची संवेदना मंद करतात. ओरडणाऱ्याने आपलेच कान थोडे झाकून घ्यावेत, तसे हे आहे.

दुसरी वाट अधिक सूक्ष्म आहे. आफ्रिकेतल्या नद्यांत सोंडेसारखे तोंड असलेले काही मासे शेपटीजवळच्या अवयवातून विजेचे क्षीण ठोके सोडतात आणि सभोवतालची वस्तू त्या विजेत जो बदल करते, त्यावरून ती ओळखतात. त्यांच्यापुढेही आईचाच प्रश्न उभा राहतो, कारण सर्वांत मोठा ठोका त्यांचा स्वतःचाच असतो. १९८१ मध्ये कर्टिस बेल यांनी दाखवले की या माशाचा मेंदू आपल्याच हुकमाची एक प्रत ठेवतो, त्या ठोक्याने काय जाणवेल याचे नेमके उलटे चित्र तयार करतो आणि आलेल्या संवेदनेत ते मिसळतो. अपेक्षित तेवढे त्यात विरून जाते, आणि उरते ते बाहेरचे. परिस्थिती बदलली, तर हे उलटे चित्र काही मिनिटांत नव्याने शिकले जाते. एवढ्याशा डोक्यात चाललेली ही वजाबाकी मला अजूनही थक्क करते.

हुकमाची प्रत ही केवळ कल्पना नाही, याचा जुना पुरावाही एका माशानेच दिला. अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी १९५० मध्ये अंग फुगवणाऱ्या केंडाच्या जातीतल्या माशाचा डोळा शस्त्रक्रियेने उलटा, म्हणजे अर्धा फेरा फिरवून बसवला. मासा स्वस्थ असेपर्यंत काही बिघडलेले दिसत नसे. पण तो हलू लागला की एकाच दिशेने गोल गोल फिरत राही. कारण असे की, आपण डावीकडे वळलो तर समोरचे दृश्य उजवीकडे सरकणार, हे मेंदूने हुकूम देतानाच धरलेले असते, आणि तसे ते सरकले की जग स्थिर आहे असे आपण समजतो. उलट्या डोळ्याला दृश्य विरुद्ध दिशेला सरकताना दिसले, हिशेब जुळण्याऐवजी चूक दुप्पट झाली, ती सुधारण्यासाठी मासा आणखी वळला, आणि प्रत्येक सुधारणेने चूक वाढतच गेली. प्रयोग क्रूर होता, हे मला मान्य आहे. वर्गात तो सांगताना मी नेहमी थोडी अडखळते. तरीही डोळा जे पाहतो त्याचा अर्थ शरीर काय करते आहे यावर ठरतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. जर्मनीत फॉन होल्स्ट आणि मिटेलश्टेट हे त्याच वर्षी एका माशीवर प्रयोग करून याच निष्कर्षाला पोहोचले होते. स्पेरी यांना पुढे १९८१ चे नोबेल मिळाले, पण ते मेंदूच्या दोन अर्धगोलांवरील कामासाठी.

यावरून हालचाल ही संवेदनेच्या आड येणारी गोष्ट आहे असे वाटेल, पण ते अर्धेच खरे आहे. आई, पैठणी पारखताना तू पदरावर नुसती बोटे ठेवत नाहीस. पदर अंगठा आणि बोटात धरून चोळतेस, तेव्हा रेशमाचा पोत कळतो. मेक्सिकोच्या गुहांमध्ये राहणारा आंधळा मासा तसेच करतो. त्याचे डोळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंधारात नाहीसे झाले आहेत. तो शेपटीचा एक झटका देतो आणि मग अंग स्थिर ठेवून घसरत जातो. त्याच्या अंगाभोवती जो प्रवाह तयार होतो, तो भिंतीजवळ आल्यावर बदलतो, आणि तो बदल कुशीला जाणवतो. थांबला तर त्याला काही कळणार नाही, आणि सारखे शेपूट मारले तर गोंगाटात बुडून जाईल, म्हणून हे झटका आणि घसरण. अनोळखी टाकीत सोडल्यावर तो आधी वेगाने पोहतो आणि परिचय झाल्यावर मंदावतो. दक्षिण अमेरिकेतला काचेसारखा पारदर्शक विद्युत-मासा नळीत दडून बसतो, आणि दिवा मालवला की तो तिथेच पुढे-मागे झुलू लागतो. वीज गेल्यावर बाबा फडताळात काडेपेटीसाठी हात फिरवतात, तोच प्रकार.

फेकजाळ्याचे उत्तर आता सोपे होते. जाळे पाण्यावर आपटते तेव्हा होणारा आवाज आणि पाण्याचा धक्का माशाच्या कानाला व कुशीला पोहोचतो. त्याच्या मेंदूच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक मोठी चेतापेशी असते; लुडविग माउथनर यांनी १८५९ मध्ये तिचा जाडजूड तंतू प्रथम पाहिला, म्हणून तिला माउथनर पेशी म्हणतात. धक्का डावीकडून आला तर डावी पेशी चेतते, तिचा तंतू ओलांडून उजव्या बाजूला जातो, उजव्या कुशीचे स्नायू आकसतात आणि मासा कोयत्यासारखा वाकून धक्क्यापासून दूर वळतो. हे वळण सुरू व्हायला सेकंदाचा शंभरावा भाग, कधी त्याहूनही कमी वेळ लागतो. उभ्या लावलेल्या नायलॉनच्या बारीक जाळ्याने मात्र पाणी हलतच नाही, त्यामुळे जे मासे फेकजाळ्यातून सुटतात, तेच रात्री त्यात अडकतात.

आणखी एक गोष्ट बाबांसाठी, कारण पुलाच्या खांबामागे मासे का जमतात, हे तुम्हीच मला लहानपणी दाखवले होते. खांबामागे पाण्याचे भोवरे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून सुटत जातात. ट्राउट मासा त्या भोवऱ्यांच्या तालात अंग सोडून देतो आणि अगदी थोड्या स्नायूंच्या बळावर जागा धरून राहतो, हे २००३ मध्ये दिसून आले. २००६ मध्ये तर त्याच शास्त्रज्ञांच्या गटाने मेलेला ट्राउट तशा भोवऱ्यांत धरला आणि तोही प्रवाहाच्या विरुद्ध पुढे सरकला. सत्कार समारंभात "मेलेला मासाच प्रवाहाबरोबर वाहतो" हे वाक्य ऐकले की मला तो ट्राउट आठवतो.

हे सगळे लिहिताना तुम्हा दोघांचा विचार मनात होता, कारण कुशीवरच्या केसपेशी आणि बाबांच्या कानातल्या केसपेशी एकाच घडणीच्या आहेत. फरक असा की, माशाच्या केसपेशी मेल्या तर नव्या उगवतात आणि आपल्या आतल्या कानातल्या, ऐकण्याच्या पेशी उगवत नाहीत. म्हणूनच यंत्र लावावे लागते, त्यात बाबांचा काही दोष नाही. तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्याही माशाला आणि आपल्याला सारख्याच आहेत. आई, चक्करेसाठी डॉक्टरांनी तुला नजर एका जागी ठेवून मान हलवण्याचे जे व्यायाम सांगितले आहेत, ते चक्कर येते म्हणून तू बंद केलेस, असे बाबा म्हणाले. मान हलल्याशिवाय मेंदूला आपला बिघडलेला हिशेब नव्याने जुळवता येत नाही. भिंतीला धरून, बाबांना शेजारी उभे करून, पण ते करच.

दसऱ्याच्या सुट्टीत मी येते आहे. तोवर रोहू आणलाच, तर खवले काढताना कुशीवरच्या रेघेतले चार-पाच खवले धुऊन सावलीत वाळवून ठेव. भिंग मी येताना घेऊन येते.

तुमची,
ताई