सेरोटोनिनचे कोडे इतके सोपे नाही

संपादक महोदय,

‘सेरोटोनिन कमी झाले की नैराश्य येते’ हे मेंदूतल्या या संदेशवाहक रसायनाबद्दलचे वाक्य आरोग्य पुरवण्यांत इतक्यांदा छापले जाते की ते सिद्ध झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात २०२२ मधील एका व्यापक आढाव्यात त्याला सातत्यपूर्ण पुरावा आढळला नाही (त्या आढाव्यावरही वाद झालाच). दादरला औषधाचे दुकान चालवताना मला दुसराच प्रश्न दिसतो. एसिटालोप्राम या नैराश्यावरच्या औषधाची पट्टी नेलेले गृहस्थ आठव्या दिवशी उरलेल्या तीन गोळ्या काउंटरवर ठेवून म्हणतात, ‘‘काही फरक नाही, परत घ्या.’’ हे औषध चेतापेशींमधल्या फटीतले सेरोटोनिन काही तासांतच वाढवू लागते, मग मनाला आराम पडायला दोन ते चार आठवडे का लागतात? सुरुवातीला १ए प्रकारचे ग्राहीच (ग्राही म्हणजे सेरोटोनिनचा संदेश टिपणारी पेशीवरची प्रथिने) पेशीला आवर घालतात आणि सावकाश निवळतात, हे उत्तर मला अपुरे वाटते. ग्राहींचे चौदा प्रकार. ३ क्रमांकाचा अडवला की उलटी थांबते, म्हणून ऑनडॅन्सेट्रॉन घरोघरी असते, तर २बी सतत उद्दीपित झाल्यास हृदयाच्या झडपा बिघडतात, आणि याच दोषापायी फेनफ्लुरामाइन हे वजन घटवण्याचे औषध १९९७ मध्ये अमेरिकेत मागे घेतले गेले. सायलोसिबिन या काही अळंब्यांतल्या द्रव्याचा नैराश्यावर गुण यायला २ए ग्राहींमुळे होणारे भास आवश्यक आहेत का, हेही ठरायचे आहे. पुरवणीत पुढच्या वेळी हे प्रश्नही यावेत, आणि डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नये, ही ओळ ठळक छापावी.

– एक औषधविक्रेता, दादर, मुंबई