आबा, मी पाय बघितले

लंडन,
15 जुलै 2025

ती. आबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आई मधे बोलून घालवते, म्हणून कागदावर लिहितेय. धनादादा वाचून दाखवेल. फेडररचा भाग आला की त्याचा आवाज बदलेल, तेवढं सांभाळून घ्या.

तर विम्बल्डन, इथली टेनिसची मोठी स्पर्धा, झालं एकदाचं. म्हणजे स्पर्धा संपलीच, पण माझंही बघून झालं. सहा वर्षं या गावात राहून मी आत पाय ठेवला नव्हता. या वेळी रविवार-सोमवार सुट्टी मिळाली. शनिवारची रात्रपाळी संपवून घरी आले, चार तास झोपले आणि तंबू पाठीला लावून रांगेत जाऊन बसले. होय, तंबू. मैदानासमोरच्या बागेत माणसं रात्रभर मुक्काम टाकतात. प्रत्येकाला नंबराचं कार्ड मिळतं, घुसाघुशी नाही, "आमचा माणूस पुढं आहे" नाही. सेंटर कोर्टची, म्हणजे मुख्य मैदानाची, पाचशेएक तिकिटं शेवटचे चार दिवस सोडून रोज या रांगेसाठी राखून ठेवतात. माझा नंबर चारशेच्या आत होता. आईला सांगा, शेजारच्या तंबूत एक सत्तरीच्या बाई होत्या, त्यांनी मला चहा दिला, मी त्यांना तिच्या हातची चकली दिली. त्यांना तिखट लागली, पण संपवली.

गंमत बघा. मी अल्काराझची चाहती. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आणि तो खेळणार होता रविवारी, रुबलेव्हशी. मी रस्त्याच्या या बाजूला तंबूत, तो त्या बाजूला कोर्टवर. फोनवर कॉमेंट्री लावली होती, पण लोकांचा गलका आधी कानावर यायचा आणि कॉमेंट्रीवाला मागून सांगायचा. पहिला सेट टायब्रेकमध्ये, म्हणजे 6-6 नंतरच्या निर्णायक गेममध्ये, त्याच्या हातून गेला तेव्हा मी चकलीचा डबा बंद करून ठेवला. पुढचे तीन सेट त्यानं काढले. आपल्या खासबागच्या कुस्ती मैदानात तिकीट नसलेली पोरं भिंतीबाहेरून हलगीच्या आवाजावर कुस्ती ओळखतात असं तुम्ही सांगायचात, तसंच की हे.

सोमवारी आत गेले. सेंटर कोर्टवर पहिली जोड जोकोविच आणि डी मिनोर, शेवटची सिनर आणि दिमित्रोव. मधे आंद्रेयेवाचा सामना होता, पोरगी झकास खेळली, पण तुम्ही विचारणार पुरुषांचंच, म्हणून पुढं जाते.

आधी जागेचं सांगते. टीव्हीवर कोर्ट केवढं मोठं दिसतं! प्रत्यक्षात ते आपल्या गल्लीतल्या मांडवाएवढं वाटतं आणि सगळ्या बाजूंनी माणसं उतरत गेलेली. बसल्याबरोबर खासबाग आठवलं. शाहू महाराजांनी 1902 च्या युरोप दौऱ्यात रोमचं जुनं गोल मैदान बघितलं आणि तसं आपल्याकडं बांधून घेतलं, कुठंही बसा, कुस्तीचा हौदा दिसलाच पाहिजे. इथंही तसंच. फरक एवढाच की इथं हलगी नाही. पंधरा हजार माणसं आणि सर्व्हिसच्या आधी अशी शांतता की माझ्या पोटातला आवाज मलाच ऐकू आला. दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनवरचं, म्हणजे मागच्या रेषेजवळचं, गवत पार उडालेलं असतं, खालची माती उघडी. ती माती बघून बरं वाटलं.

तुम्ही मला लहानपणी मांडीवर बसवून सांगायचात, "हात बघू नको पोरी, हात फसवत्यात. पाय बघ." सोमवारी दिवसभर मी तेच केलं.

जोकोविच आता 38 वर्षांचा आहे. पहिला सेट 1-6 घालवला. वारा होता, चेंडू कुठंही जात होते, आणि समोरचा डी मिनोर म्हणजे उंदरासारखा पळणारा गडी. माझ्या पुढच्या रांगेतला माणूस म्हणाला, संपला म्हातारा. मी पाय बघत होते. समोरचा सर्व्हिस मारायच्या क्षणी जोकोविच एक बारीकशी उडी घेतो, दोन्ही पावलं एकदम टेकतात, आणि टेकताना त्याला कुठं जायचं ते कळलेलं असतं. पहिल्या सेटमध्ये ती उडी उशिरा पडत होती. दुसऱ्यात वेळेवर पडायला लागली. बाकी काही बदललं नाही, पण 6-4, 6-4. चौथ्यात पुन्हा 1-4 असा मागं पडला आणि तिथून सलग पाच गेम घेतले. कुस्तीत सुरुवातीच्या खडाखडीत समोरच्याला दमू द्यायचं आणि मग पायाला हात घालून पट काढायचा, असं तुमचे वस्ताद करायचे म्हणे. मला तो आवडत नाही, आजही नाही. पण वस्ताद आहे.

आता धनादादा, सावकाश वाच. फेडरर समोर बसला होता. रॉयल बॉक्समध्ये, सूट घालून. आठ वेळा जिंकलेला माणूस प्रेक्षक म्हणून टाळ्या वाजवत होता. 2019 ची फायनल आठवली. पाचवा सेट, 8-7, 40-15, फेडररची सर्व्हिस, दोन मॅच पॉइंट, म्हणजे एक गुण मिळाला की सामना खिशात, आणि तरी जिंकला जोकोविच. त्याच संध्याकाळी क्रिकेट वर्ल्डकपची फायनल, घरात एकच टीव्ही, आबा इकडं लाव तिकडं लाव करत होते, आणि तू जो रिमोट भिंतीवर मारलास त्याचा डाग अजून असेल. सोमवारचा सामना संपल्यावर जोकोविचनं माइकवर चेष्टा केली की फेडरर बघत असताना मी जिंकलो असं बहुतेक पहिल्यांदाच झालं. लोक हसले. फेडररही हसला. तू हसला नसतास.

संध्याकाळी सिनर. आबा, या पोराला मी मशीन म्हणायचे. पॅरिसच्या फ्रेंच ओपनच्या फायनलला मी आणि तुम्ही फोनवर होतो, आठवतं? अल्काराझ दोन सेट मागं, चौथ्यात 3-5, 0-40, तीन चॅम्पियनशिप पॉइंट सिनरकडं. मी फोन ठेवायला निघाले आणि तुम्ही म्हणालात, "पाठ टेकली का? नाही ना? मग थांब की." एकूण साडेपाच तास खेळून अल्काराझ जिंकला आणि तुमच्याकडं मध्यरात्र झाली होती. तेव्हापासून मला वाटायचं, सिनरकडं सगळं आहे, काळीज नाही.

दिमित्रोवनं त्या दिवशी काय खेळ केला! 34 वर्षांचा गडी, एका हाताचा बॅकहँड. चेंडू असा कापून टाकायचा की गवतावर तो उठायचाच नाही, घोट्याएवढा सरपटत जायचा. सिनर सव्वासहा फूट उंच, त्याला दर वेळी कमरेत वाकावं लागायचं. पहिल्याच गेममध्ये तो घसरून पडला आणि उजवं कोपर धरलं. त्यानंतर हातात जोर दिसेना. पहिले दोन सेट 3-6, 5-7 गेले. मी मनातून खूष होते, खोटं कशाला सांगू. अंधारलं म्हणून छप्पर बंद केलं, दिवे लागले, आणि तिसरा सेट सुरू झाला.

दिमित्रोवनं सर्व्हिस मारून 2-2 केले आणि छातीला हात लावून खालीच बसला. स्नायू गेला. पंधरा हजार माणसं आणि एक शब्द नाही. आणि सिनर, ज्याला मी मशीन म्हणायचे, तो जाळीपलीकडं पळत गेला. रॅकेट टाकून. त्याचे पाय त्या संध्याकाळी पहिल्यांदा इतके भरभर हलले. दिमित्रोव परत आला तो हात मिळवायलाच. बाहेर जाताना त्याच्या बॅगा सिनरनं उचलल्या. गेल्या वर्षीच्या विम्बल्डनपासून ही सलग पाचवी मोठी स्पर्धा, जी दिमित्रोवला दुखापतीनं अर्ध्यात सोडावी लागली. सिनर माइकवर म्हणाला, हा मी विजय मानतच नाही. चेहरा असा की जणू तोच हरलाय. माझ्या शेजारचा इंग्रज चष्मा पुसत होता, आणि मी पण.

तुम्हाला विचारायचं होतं ते हे. तुमच्या वेळी असं झालं की काय करायचे? समोरच्याचा खांदा निखळला तर ती कुस्ती निकाली धरायचे की बरोबरीत सोडायचे? कारण पुढं काय झालं ते तुम्ही बघितलंच. कोपराला पट्टी लावून सिनरनं शेल्टनला काढलं, मग जोकोविचला सरळ तीन सेटमध्ये, आणि परवा फायनलला माझ्या अल्काराझला. 4-6, 6-4, 6-4, 6-4. त्याआधी सलग पाच वेळा त्याच्याकडून हरला होता. पॅरिसला जे हातातून निसटलं ते पाच आठवड्यांत परत घेतलं. विम्बल्डनची एकेरी जिंकणारा पहिला इटालियन. डोंगरातला पोरगा, लहानपणी बर्फावर घसरायच्या शर्यती खेळायचा, आणि गवतावर घसरत जाऊन तोल सांभाळतो ते त्यातलंच असणार. अल्काराझचे ड्रॉप शॉट, जाळीजवळ हळूच टाकलेले चेंडू, या वेळी त्याला गाठता येत होते. पाय, आबा.

मी रडले वगैरे नाही. पण काळीज नाही हे म्हणणं मागं घेतलं, तुमच्यापुढं लिहून देते. अल्काराझचीच आहे अजून.

बारीकसारीक. रेषेवर उभे राहणारे पंच यंदापासून काढून टाकले, आता यंत्र ओरडतं "आऊट". आणि मी आत गेले त्याच्या आदल्याच दिवशी सेंटर कोर्टवर ते यंत्र काही वेळ चुकून बंद राहिलं होतं, चेंडू बाहेर गेला तरी मुकाट. म्हणजे तुमची पंचांवरची तक्रार यंत्रालाही लागू. स्ट्रॉबेरी आणि क्रीम 2010 पासून अडीच पौंडाला होतं, यंदा 2 पौंड 70 पेन्स, त्यावरून इथल्या पेपरात केवढा गहजब. महाबळेश्वरची जास्त गोड.

आपल्या कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव 2022 ला इथंच 14 वर्षांखालच्या गटात खेळून गेली. बाजूची कोर्टं बघताना तिची आठवण आली, आणि शेजारच्या बाईंना मी ऐटीत सांगितलं की आमच्या गावची पोरगी इथं खेळलीय. त्यांनी गाव कुठं म्हणून विचारलं. मी चप्पल दाखवली. लगेच ओळखलं.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांगा, अंगावर काढू नका. पंचगंगेचं पाणी कुठवर आलंय ते कळवा. टॉवेल आणायला सांगितला होता धनादादानं, तो आणला नाही. किंमत बघून हात मागं घेतला. त्याऐवजी रांगेचं नंबराचं कार्ड पाकिटात घातलंय, फुकटचं आहे, तेच लाव म्हणावं भिंतीवरच्या डागावर.

तुमची,
सुमी